नाताळची सहल, ज्येष्ठांच्या चालीने

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की अनेक मराठी घरांतील संभाषणाचा विषय बदलतो. कॉन्व्हेंट शाळांना सुटी लागते, कार्यालयांत शिल्लक रजा संपवण्याची घाई सुरू होते आणि परदेशी स्थायिक झालेली मुले-नातवंडे याच दिवसांत मायदेशी येतात. पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आलेला ‘नाताळ’ हा शब्द ख्रिस्ती कुटुंबांसाठी जन्मोत्सवाचा, तर इतर कित्येक कुटुंबांसाठी गोवा, कोकण किंवा महाबळेश्वरच्या सहलीचा निदर्शक झाला आहे.

या साऱ्या बेतात एक प्रश्न बहुधा सर्वांत शेवटी विचारला जातो : आजी-आजोबांचे काय? तोवर तिकिटे निघालेली असतात, हॉटेलच्या खोल्या ठरलेल्या असतात. मग उत्तर येते, “तुम्ही जा रे, मी घर सांभाळते.” या उत्तरामागे अनिच्छाच असते असे नाही. परक्या ठिकाणचे शौचालय कसे असेल, पायऱ्या किती असतील, रात्री दोनदा उठावे लागले तर कोणाची झोप मोडेल, अशा अनेक शंका त्या एका वाक्यात दडलेल्या असतात. म्हणून ज्येष्ठांना विचारायचे ते बेत ठरण्यापूर्वी, आणि नेमके विचारायचे : “आई, किती पायऱ्या झेपतील? गाडी किती वेळाने थांबवायची?” एवढे विचारूनही नकार आला, तर तो मनापासूनचा समजून स्वीकारावा.

हा काळ जपण्याचा का?

थंडीत त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढू शकतो. त्यात सणाची जागरणे, जड जेवण, प्रवासाची दगदग आणि औषधांच्या चुकलेल्या वेळा यांची भर पडते. स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ ते २०१३ या काळातील हृदयविकाराच्या झटक्यांच्या सुमारे २ लाख ८३ हजार नोंदी तपासल्या. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, २४ डिसेंबर या दिवशी झटक्याचा धोका एरवीपेक्षा ३७ टक्क्यांनी अधिक होता आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वाधिक होता. पंचाहत्तरीपुढील व्यक्ती, मधुमेही आणि आधीच हृदयविकार असलेले रुग्ण यांच्यात ही वाढ अधिक ठळक होती. स्वीडनचे हवामान आणि चालीरीती आपल्यापेक्षा वेगळ्या आहेत, तसेच अशा नोंदींवरून नेमके कारण सिद्ध होत नाही; तरीही सणाच्या दिवशी शरीरावर ताण पडतो, हा इशारा आपणही ध्यानात घ्यावा असा आहे.

आणखी एक धोका आपल्या घरगुती संस्कारांतून येतो. सर्वांच्या आनंदावर विरजण पडू नये म्हणून ज्येष्ठ व्यक्ती दुखणे अंगावर काढतात. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेहींमध्ये, हृदयविकाराच्या झटक्यात छातीत कळ येईलच असे नाही. अचानक धाप लागणे, दरदरून घाम फुटणे, मळमळ, जबडा, खांदा किंवा पाठीत दुखणे, कमालीचा थकवा एवढीच लक्षणे दिसू शकतात. आणि मेजवानीनंतर ती ‘पित्त झाले’ म्हणून सोडून दिली जातात. अशा वेळी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात आणि गोव्यात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. ज्येष्ठ वाचकांना येथे आग्रहाची विनंती आहे : आपण वेळेवर बोललात, तर सहलीची एक संध्याकाळ वाया जाईल, गप्प राहिलात, तर त्याची किंमत फार मोठी असू शकते.

निघण्यापूर्वी

प्रवासाच्या दोन आठवडे आधी नेहमीच्या डॉक्टरांना भेटावे. लघवी वाढवणारी गोळी प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्यावी, इन्शुलिनची मात्रा आणि जेवण यांचा मेळ कसा बसवावा, हे त्यांनाच विचारावे. परस्पर गोळी गाळू नये. औषधे ठरलेल्या दिवसांपेक्षा चार दिवसांची जास्त घ्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत, औषधचिठ्ठीच्या प्रतीसह ठेवावीत. इन्शुलिन उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये, तसेच बर्फाला थेट टेकेल असेही ठेवू नये.

रेल्वेने जाणार असाल तर आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, हे लक्षात ठेवून ऑक्टोबरच्या अखेरीसच तयारी करावी. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. परंतु तो एकट्याच्या किंवा अशा दोघांच्या तिकिटालाच मिळतो. सहा जणांच्या एकत्र तिकिटात आजी-आजोबांची नावे घातली, तर ही सोय हातची जाते. त्यांचे तिकीट वेगळे काढणे अधिक सोयीचे ठरते.

वाटेत

चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून केलेल्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. मूळ धोका अल्प असला, तरी वय, स्थूलता आणि नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांमुळे तो वाढतो. म्हणून मोटारीने जाताना दर दीड-दोन तासांनी थांबून चार पावले चालावे. बसल्या बसल्या घोटे वर-खाली हलवावेत. एका पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

वाटेत स्वच्छ शौचालय मिळणार नाही या धास्तीने अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. वाढत्या वयात तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यातून चक्कर, बद्धकोष्ठता आणि मूत्रमार्गाचा संसर्ग उद्भवतो. कुठे थांबायचे हे कुटुंबाने आधीच ठरवून सांगितले, तर घोट घोट पाणी पिण्याचा धीर येतो. घाटात उलटी होऊ नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांना झोप, गोंधळलेपण किंवा लघवी अडकणे असे त्रास होऊ शकतात. त्या विचारूनच घ्याव्यात.

मुक्कामी

पुण्यात पहाटे १२ अंशांच्या आसपास कुडकुडत निघालेल्या माणसाला गोव्यात दुपारी तिशीपुढचा पारा भेटतो. शाल आणि सुती कपडे दोन्ही जवळ असावेत. दुपारची विश्रांती हा दिनक्रमाचाच भाग मानावा. खोली तळमजल्यावरची घ्यावी. पहिल्याच संध्याकाळी पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट उजेडात दाखवून ठेवावी आणि रात्री तेथे मंद दिवा जळत ठेवावा. परक्या जागी ओल्या फरशीवर पडून मोडलेले हाड हे सहलीचे सर्वांत महागडे स्मरणचिन्ह ठरते.

दोदोल, बेबिंका, नेवऱ्या ही गोव्याच्या नाताळची मिरास. मधुमेहींनी ती चाखूच नयेत असे नाही. मात्र गूळ, साखर आणि नारळ यांनी भरलेले हे पदार्थ जेवणाव्यतिरिक्त न खाता, जेवणातील भात किंवा पोळी कमी करून चवीपुरते घ्यावेत. वसईसारख्या भागांतील ख्रिस्ती ज्येष्ठांना मध्यरात्रीच्या मिस्साची ओढ असते. पटांगणातील गारठा सोसवत नसेल, तर २५ तारखेच्या सकाळच्या मिस्साला सहकुटुंब जाण्याचा पर्याय घरातील तरुणांनीच पुढे करावा.

घरी राहणाऱ्यांसाठी

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला प्रत्येक वेळी सोबत नेणे हितावह नसते. अनोळखी खोलीत, विशेषतः सायंकाळी, त्यांचा गोंधळ वाढतो. नेलेच, तर नेहमीची उशी आणि पांघरूण सोबत असावे, खिशात नाव व दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी आणि जेवणाखाण्याच्या वेळा घरच्याच असाव्यात. ठेवायचे झाल्यास शुश्रूषा करणारी व्यक्ती निदान दोन दिवस आधी घरात येऊन रुळलेली असावी. वर्षभर सेवा करणाऱ्या सुनेला, मुलीला किंवा पत्नीला या दिवसांत चार दिवसांची मोकळीक मिळाली, तर तिने त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नये. विसावलेला माणूसच पुढे वर्षभर सेवा करू शकतो.

चार ठिकाणांऐवजी दोनच पाहावीत, समुद्रकिनारी सकाळ-संध्याकाळ निवांत बसावे, नातवंडांनी आजोबांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालावे. घरातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीच्या गतीने आखलेल्या सहलीत इतरांचे फारसे काही हुकत नाही, आणि पुढच्या डिसेंबरात “मी घर सांभाळते” असे म्हणण्याची वेळ त्या व्यक्तीवर कदाचित येत नाही.