थंडी मावळची, गारठा सिलिंडरचा
चाकांवरच्या घरातला गॅस हीटर पहाटे का विझतो आणि तो पुन्हा पेटवण्यापूर्वी काय पाहावे?

पवना धरणाच्या काठावर डिसेंबर-जानेवारीतल्या शनिवारी रात्री मुक्कामाला येणाऱ्या पुणे-मुंबईकरांना थंडी हवीच असते. तुंग, तिकोना आणि लोहगडाच्या छायेतल्या या खोऱ्यात सूर्य मावळला की डोंगरउतारावरची गार, जड हवा हळूहळू पाण्याकाठी उतरते आणि पहाटेपर्यंत तिथेच साचून राहते. लोणावळ्याच्या बाजारपेठेत स्वेटरवर भागते, तेव्हा पवन मावळातल्या सखल जागी दात वाजत असतात. या काठावर पूर्वी केवळ तंबू दिसत. अलीकडे त्यांच्या शेजारी झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेली वाहनेही उभी राहू लागली आहेत. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि चाकांवरच्या या घरांना एक अधिकृत चौकट मिळाली.

या घरात शेगडी गॅसवर चालते आणि पुष्कळदा हीटरही. रात्री अकरा वाजता झकास पेटलेला हीटर पहाटे चारला मात्र मान टाकतो. ज्योत बारीक होते, फडफडते, विझते. अर्धवट झोपेतला माणूस मग दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर सिलिंडर आडवा करतो किंवा त्यावर उकळते पाणी ओततो. नाही तर हीटरचा नाद सोडून स्वयंपाकाची शेगडीच पेटवतो आणि दारे-खिडक्या घट्ट लावून पुन्हा झोपतो. यातला पहिला उपाय धोक्याचा आहे आणि दुसरा जिवावर बेतणारा. हीटर का विझला, हे समजले तर दोन्हींची गरज पडत नाही.

गॅस संपला की थंडावला?

सिलिंडरमध्ये असतो तो द्रवरूप इंधनाचा साठा. ते द्रव उकळून त्याची वाफ होते आणि ती वाफ रेग्युलेटरमधून बर्नरकडे जाते. भारतात घरोघरी मिळणारा एलपीजी हा मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण असतो. या दोघांच्या स्वभावात मोठा फरक आहे. प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळते, तर ब्यूटेन शून्याच्या जेमतेम अर्धा अंश खाली. म्हणूनच युरोप-अमेरिकेतल्या बर्फाळ प्रदेशांत अशा वाहनांसाठी हिवाळ्यात प्रोपेनच वापरले जाते.

मावळात पारा शून्यावर जात नाही. दहा अंशांच्या आसपासच्या थंडीत घरगुती सिलिंडरमधला गॅस ‘गोठला’ असे म्हणणे त्यामुळे बरोबर नाही. पण द्रवाची वाफ होताना ते उष्णता शोषून घेते. ही उष्णता येते सिलिंडरच्या पत्र्यातून, म्हणजे अखेर बाहेरच्या हवेतून. हीटर तासन् तास चालू राहिला आणि हवाच गार असली, तर जितकी उष्णता खर्च होते तितकी भरून येत नाही. सिलिंडर आसपासच्या हवेपेक्षाही थंड पडतो, त्याच्या अंगावर दव धरते आणि आतला दाब उतरत जातो.

सिलिंडर जितका लहान आणि जितका रिकामा, तितका हा परिणाम लवकर दिसतो. कारण द्रवाला उष्णता पुरवणारा पत्राच कमी असतो. शिवाय मिश्रणातले प्रोपेन तुलनेने आधी उडून जाते आणि तळाशी ब्यूटेनचे प्रमाण वाढते. भरलेल्या सिलिंडरवर उत्तम चाललेला हीटर शेवटच्या पाव साठ्यावर रडू लागतो, त्याचे कारण हे.

सहलीसाठी मिळणाऱ्या छोट्या डब्यांची अवस्था आणखी बिकट. त्यांपैकी अनेकांत निव्वळ ब्यूटेन असते. दहा अंशांना त्याचा एकूण दाब हवेच्या दाबाच्या दीडपटच असतो. डबा आणखी आठ-दहा अंशांनी थंडावला की गॅस बाहेर ढकलायला जोरच उरत नाही. डबा हलवला तर आत द्रव खळखळते, पण ज्योत लागत नाही. सकाळी ऊन लागल्यावर तोच डबा पुन्हा व्यवस्थित चालतो.

उपाय साधा आहे. हीटर बंद करून अर्धा-पाऊण तास थांबावे; सिलिंडर आपोआप सावरतो. थंडीच्या मुक्कामाला निम्म्याहून अधिक भरलेला आणि शक्य तेवढा मोठा सिलिंडर न्यावा. त्यात खरोखर किती गॅस उरला, हे वजनावरून कळते. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावरच नोंदलेले असते. सिलिंडर आडवा मुळीच करू नये. तसे केल्यास वाफेऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरते. द्रवाचा लहानसा ओघळही अडीचशे पटींच्या आसपास फुगून गॅस होतो आणि बर्नरमधून भडका उडू शकतो. उकळते पाणी किंवा आगीची धग यांनी दाब किती वाढेल, यावर कोणाचेच नियंत्रण राहत नाही.

दोष ज्योत सांगते

सिलिंडर भरलेला आहे, तरीही हीटर नीट चालत नाही, असे झाल्यास रेग्युलेटर आणि हीटर एकमेकांना जुळतात का, हे पाहावे. भारतातील घरगुती रेग्युलेटर सुमारे ३० मिलिबार दाबाने गॅस सोडतो आणि आपल्या शेगड्या त्याच हिशेबाने बनवलेल्या असतात. परदेशातून आणलेल्या काही हीटरना ५० मिलिबार दाब लागतो. तो आकडा हीटरच्या पट्टीवर छापलेला असतो. असा हीटर घरगुती रेग्युलेटरवर कायमच उपाशी राहणार, मग थंडी असो वा नसो. येथे रेग्युलेटरशी खटपट न करता, योग्य दाबाचा हीटर घेणे हाच मार्ग.

ज्योत निळी आणि स्थिर असेल तर ज्वलन ठीक आहे. ती पिवळी, लांबट, काजळी धरणारी झाली, तर बर्नरला हवा कमी पडते आहे. मावळात याचे एक नेहमीचे कारण पावसाळ्यात दडलेले असते. लोणावळ्याच्या धुवाधार पावसात अशी वाहने चार महिने झाकून ठेवली जातात. त्या काळात बर्नरच्या नळीत गंज आणि कोळ्याची जाळी साचतात आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. दिवाळीनंतरच्या पहिल्या सहलीपूर्वी हीटर तंत्रज्ञाकडून साफ करून घेणे म्हणूनच आवश्यक आहे. पिवळी ज्योत दिसत असताना तो चालू ठेवणे म्हणजे विष तयार करणे होय.

पंख्याने गरम हवा फेकणाऱ्या हीटरचे दुखणे पुष्कळदा गॅसचे नसतेच. त्याचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. रात्रभर दिवे, मोबाइल आणि फ्रिज यांना वीज पुरवून बॅटरी पहाटे थकते. पंखा मंदावला की पुरेशी हवा वाहत नसल्याचे सुरक्षा यंत्रणा ओळखते आणि गॅसची झडप उघडतच नाही. ‘टिक-टिक’ आवाज येऊन हीटर थांबत असेल, तर सिलिंडर बदलण्यापूर्वी बॅटरी तपासावी.

काही हीटर पेटतात, पण बटण सोडताच विझतात. त्यांच्यातला ज्योत ओळखणारा संवेदक अस्वच्छ किंवा सरकलेला असतो. आणखी काही हीटरमध्ये हवेतला प्राणवायू कमी झाला की गॅस बंद करणारी व्यवस्था असते. असा हीटर बंद वाहनात वारंवार विझत असेल, तर तो बिघडलेला नाही; तो आपले काम चोख करतो आहे. काडी दाबून, तार जोडून ही व्यवस्था निकामी करण्याचे ‘जुगाड’ कोणी सुचवले, तरी ते कटाक्षाने टाळावे.

बंद दाराआडचा शत्रू

एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. लहान कॅरॅव्हॅनच्या आत हवा असते तीच जेमतेम तेवढी. दोन किलोवॉटचा बर्नर तासाला सुमारे दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे तासाला जवळपास दोन घनमीटर हवेतला प्राणवायू तो एकटा संपवतो. हवा पुरती संपायच्या कितीतरी आधी ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला तर काही जाणवण्याची संधीही मिळत नाही.

हा धोका केवळ कल्पनेतला नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथे कडाक्याच्या थंडीत खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यात लहान मुलेही होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या केलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघे जण मृतावस्थेत आढळले. तेथे हीटर नव्हता. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचे तपासात पुढे आले. जळणारी वस्तू आत असो वा खाली, धूर माणसाच्या श्वासात मिसळला की परिणाम एकच.

म्हणूनच झोपण्याच्या जागेत ज्याचा धूर नळीने थेट बाहेर जातो आणि जो ज्वलनासाठी हवाही बाहेरूनच घेतो, असाच हीटर असावा. स्वयंपाकाची शेगडी ऊब मिळवण्यासाठी वापरू नये. कोळशाची शेगडी तर वाहनात वा तंबूत नेऊच नये. ज्वाळा दिसत नसल्या तरी निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडतच असतात. या वायूची सूचना देणारा भोंगा उशाच्या उंचीवर बसवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने त्याच्या गळतीचा भोंगा मात्र जमिनीलगत हवा. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी भोके असावीत आणि थंडी येते म्हणून ती चिंध्यांनी बुजवू नयेत. नळीच्या जोडांची तपासणी साबणाच्या फेसाने करावी, काडीने कधीही नाही.

डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही विषबाधेची पहिली लक्षणे. आदल्या रात्रीच्या जेवणाला किंवा जागरणाला दोष देऊन ती अंगावर काढली जातात. वाहनातल्या सगळ्यांनाच एकदम तसे वाटू लागले, तर दारे उघडून प्रत्येकाला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गॅसचा वास आल्यास दिव्याचे बटणही न दाबता सिलिंडर बंद करावा, बाहेर पडावे आणि दूर जाऊन १९०६ या मदत क्रमांकावर कळवावे.

ऊब कशाने मिळते?

गॅस जाळून मिळणाऱ्या उबेसोबत आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे पाणी. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाण्याची वाफ होते. धूर बाहेर नेणारी नळी नसेल, तर ती वाफ काचांवर, पत्र्यावर आणि अंथरुणात उतरते. रात्रभर शेगडी जाळूनही पहाटे पांघरूण ओलसर आणि गार लागते ते यामुळे. थोडी खिडकी उघडी ठेवली तर थंडी आत येते खरी, पण ओल बाहेर जाते आणि एकूण ऊब टिकते. मात्र खिडकीची फट धूर बाहेर नेणाऱ्या नळीची जागा घेऊ शकत नाही, हे विसरू नये.

मावळातली थंडी हिमालयातली नव्हे. निजण्यापूर्वी तासभर हीटर चालवून वाहन उबदार करावे, मग तो आणि सिलिंडर दोन्ही बंद करावेत. पायाशी गरम पाण्याची पिशवी, खाली जाड अंथरूण आणि अंगावर घरची गोधडी एवढ्यावर दहा अंशांची रात्र सहज निघते. धरणावरचे धुके विरळ होत तिकोन्यावर ऊन येते, तेव्हा चहासाठी शेगडी पेटवावी. आणि तीही दार उघडे ठेवूनच.