बंदीचे 61 दिवस : जाळी विणून झाली, आता पेज शिजवा

1 जूनला आपले ट्रॉलर जेटीला लागतात ते 31 जुलैपर्यंत. 61 दिवस. या दिवसांत इंजिन उघडलं जातं, जाळी दुरुस्त होतात, बोटीला रंग लागतो. झारखंड, ओडिशाकडचे खलाशी गावी जातात आणि त्यांच्याबरोबर बोटीवरची चूलही थंड होते. मग बोटमालक, त्याचे पोरगे, घरातले सगळे बापये दुपारचे बारा वाजले की एकाच दिशेला बघायला लागतात. रांदणीकडे.

बंदी समुद्राला आहे, घरातल्या बाईला नाही. जी आई नुस्तं विकायला बसते ती पावसातही सुक्या नुस्त्याची पाटी घेऊन बाजारात जाते, संध्याकाळी चिंब होऊन घरी येते आणि तिथून तिचं दुसरं काम सुरू होतं. घरात दोन-तीन धडधाकट बापये असतात, पण शीत-कडी तिनंच करायची. तिचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, किंवा ती आठ दिवस तापानं पडली, की काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय: सकाळी पाव-भाजी, दुपारी हॉटेलचं पार्सल, रात्री परत पाव. बंदीच्या दिवसांत, मिळकत बंद असताना, हा खर्च. आणि खाटेवरच्या बाईला पेज हवी असते ती कुणालाच करता येत नाही.

म्हणून हे लिहितोय. खास करून पोरांसाठी, पण बाप वाचत असेल तर त्यानंही पुढे वाचावं.

ज्याला तीन किलोची इसवण सुरीनं साफ करून तिचे सारखे तुकडे पाडता येतात, अंधारात जाळ्याची गाठ मारता येते, त्याला जेवण करणं जमणार नाही हे आम्हाला काही पटत नाही. अर्धं काम हाताला आहेच. नुस्तं ताजं की शिळं हे तर तुम्हाला शिकवायला नको, शहरातला माणूस तेवढं ओळखायलाच दहा वर्षं घालवतो. अडतं ते पुढे, विस्तवाशी.

शिकायचं कुणाकडून? मोबाइलवर व्हिडिओ शेकडो आहेत, पण तुमच्या घरची चव त्यात नाही. आईजवळ उभे राहा. मात्र आईला माप विचाराल तर ती म्हणेल, "घाल थोडं, अंदाजानं." तिचा अंदाज चाळीस वर्षांचा आहे, तुमचा अजून एका दिवसाचाही नाही. तेव्हा एक युक्ती करा. तिनं मुठीत घेतलेलं खोबरं, धणे, मीठ भांड्यात पडायच्या आधी वाटीत घ्या, चमच्यानं मोजा आणि वहीत लिहा. ती वैतागेल, हसेल. लिहून घ्याच.

सुरुवात पेजेनं करा. एक वाटी उकडे तांदूळ तीन पाण्यांनी धुवायचे, आठ वाट्या पाणी, जाड बुडाचं टोप. उकळी आली की आच बारीक करायची आणि झाकण अर्धवट ठेवायचं, नाहीतर उतू जाऊन गॅस विझतो आणि विझलेला कळत नाही. पाऊण तास ते तासभर लागतो. मध्ये मध्ये तळाशी ढवळायचं. शीत बोटानं दाबलं की मऊ लागलं पाहिजे, पण पिठूळ होऊ द्यायचं नाही. मीठ शेवटी. कुकरमध्ये करणार असाल तर कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, पेजेचा फेस वर चढतो आणि शिट्टीचं भोक बुजतं. पेजेबरोबर काय, ते गोव्यात कुणी सांगायला नको. तोरं आहे, भाजलेलं खारं नुस्तं आहे, आणि कालची कोडी असेल तर राजाचं जेवण. कोडी म्हणजे उरलेली कडी मंद आचेवर आटवायची, बस. शिकाऊ माणसाला यशाची हमी देणारा पदार्थ यापेक्षा दुसरा आम्हाला माहीत नाही.

दुसरं, किसमूर. मे महिन्यात घरात पुरुमेंत भरलंय, सुकी सुंगटं डब्यात आहेत, सोलं, मिरच्या, खोबरेल सगळं आहे. वाटीभर सुंगटांची डोकी-शेपट्या काढायच्या, वाळू असेल तर पाखडायची, मग कोरड्या तव्यावर बारीक आचेवर पाच-सहा मिनिटं हलवत भाजायची. चिमटीत कुरकुरून तुटली की उतरवा. इथे घाई केली तर बाहेरून करपतात, आतून वातड राहतात. अर्धी वाटी ओलं खोबरं, एक बारीक चिरलेला कांदा, मिरचीपूड, चिंचेचा थोडा कोळ, मीठ जपून, वरून चमचाभर खोबरेल. हे हातानं कालवायचं. सुंगटं पानावर बसल्यावरच त्यात घालायची, आधी घातली तर मऊ पडतात.

आता हुमण. बंदीत नुस्तं मिळतं ते नदीतलं, वल्ह्याच्या होडीचं, नाहीतर बाहेरून ट्रकनं आलेलं. पूर्व किनाऱ्याची बंदी 14 जूनला संपते, त्यानंतर तिकडचाही माल येतो. चार मध्यम बांगडे मिळाले असं धरू. अर्धा नारळ खवलेला, सहा-आठ ब्याडगी मिरच्या पाण्यात भिजवलेल्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद, बोराएवढी चिंच. हे सगळं अगदी गंधासारखं वाटायचं. रवाळ राहिलं तर कडीत पाणी वेगळं आणि खोबरं वेगळं दिसतं. आठ-दहा तिरफळं ठेचून त्यातल्या काळ्या बिया टाकून द्यायच्या, तिरफळं वाटणात घालायची नाहीत. बांगडा, तारली अशा तेलकट नुस्त्याला तिरफळ लागतंच. सुंगटांच्या कडीला कांदा आणि कैरी चालते, तिथे तिरफळ नको. यावर घराघरांत वाद आहेत, त्यात आम्ही पडत नाही.

वाटण, पाणी, तिरफळं, चार-पाच सोलं एकत्र उकळून दहा मिनिटं शिजू द्या. मग मीठ आणि बांगड्याचे तुकडे. यानंतर डाव टोपात घालायचा नाही. टोपाच्या दोन्ही कडा फडक्यानं धरून भांडंच हळू फिरवायचं. सहा-सात मिनिटांत नुस्तं शिजतं, जास्त ठेवलं तर त्याचा चुरा. गॅस बंद करून वरून कच्चं खोबरेल, आणि झाकून ठेवा. लगेच वाढू नका, तासाभरानं तिरफळाचा वास कडीत उतरतो.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायची आहे, कारण ती आपल्यातल्या जुन्या माणसांनाही सगळ्यांना ठाऊक नसते. बांगडा, तारली, कुपा हे मासे बर्फाबाहेर गरमीत राहिले तर त्यांच्या मांसात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो उकळून जात नाही, तळूनही जात नाही, परत फ्रीजमध्ये ठेवूनही जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात, कधी मिनिटांत कधी तास-दोन तासांत, तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं ठणकतं, मळमळतं. लोक म्हणतात नुस्तं बाधलं, ॲलर्जी आहे. पुष्कळदा ॲलर्जी नसते, बर्फ कमी पडलेला असतो. तेव्हा "मसाला जास्त घाल, वास मरेल" हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लांबून आलेला माल घेताना खोक्यात बर्फ किती शिल्लक आहे ते आधी बघा. घरी आणलं की साफ करून लगेच फ्रीजमध्ये, मीठ-मसाला लावून ओट्यावर दुपारभर ठेवायचं नाही. कुणाला असा त्रास झालाच तर डॉक्टरकडे न्या, श्वास लागत असेल तर एक मिनिट थांबू नका.

तळण्याबद्दल थोडक्यात. नुस्तं फडक्यानं कोरडं करून मगच रव्यात घोळवा, ओलं टाकलं की तेल अंगावर उडतं. तेलानं पेट घेतला तर पाणी ओतायचं नाही. गॅस बंद करा आणि वर झाकण ठेवा. बोटीवर डिझेलशी वागता तसंच इथे तेलाशी वागायचं.

जुलैच्या शेवटी खलाशी परततात, कधी वेळेवर, कधी चार दिवस उशिरा. कमी माणसांवर बोट काढायची वेळ आली आणि चुलीजवळचा गडीच आला नसेल, तर तुमच्यातल्या एकाला तांदळाचं टोप चढवता आलं पाहिजे. हलत्या बोटीवर टोप अर्धंच भरा, हे तिथला कुणीही सांगेल.

आणि तोवर श्रावण लागेल. जी घरं श्रावण पाळतात तिथे बांगडा, किसमूर दोन्ही बंद. आळसांदे रात्री भिजत घाला, सकाळी मऊ शिजवून ठेवा, आणि तोंडाकाचं वाटण कसं भाजायचं ते आई बाजाराला निघायच्या आधी वहीत लिहून घ्या.