गिटार ॲम्प मॉडेलिंग

गिटार ॲम्प मॉडेलिंग म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा विवर्धक (ॲम्प्लिफायर किंवा ॲम्प), त्याची स्पीकरची पेटी (कॅबिनेट) आणि त्या पेटीसमोर ठेवलेला मायक्रोफोन या तिन्हींचे ध्वनिगुण डिजिटल गणनेच्या साहाय्याने पुन्हा निर्माण करण्याचे तंत्र होय. हे काम करणाऱ्या उपकरणास मॉडेलर असे म्हणतात. मॉडेलर हा पायाने चालवायच्या फलकाच्या, ॲम्पच्या आत बसवलेल्या मंडलाच्या किंवा संगणकावरील सॉफ्टवेअरच्या रूपात असतो. डिले, रिव्हर्ब, कोरस, कॉम्प्रेसर यांसारखे इफेक्टही त्यात बहुधा अंतर्भूत असतात.

हेडफोनवर भरदार वाटणारा आवाज मंचावर कर्कश किंवा दबलेला येतो, ही मॉडेलर नव्याने वापरणाऱ्या वादकांची नेहमीची तक्रार आहे. तिचे मूळ उपकरणाच्या बिघाडात क्वचितच सापडते. गिटारपासून श्रोत्याच्या कानापर्यंतच्या साखळीत मॉडेलर हा एक दुवा असतो आणि त्या साखळीतील एखादी पायरी गाळली गेली किंवा दोनदा घडली, म्हणजे आवाज बिघडतो.

मूळ ॲम्पची रचना

गिटारच्या पिकअपमधून बाहेर पडणारा विद्युत संकेत अत्यंत क्षीण असतो. पारंपरिक ॲम्पमध्ये प्रथम प्री-ॲम्प हा भाग त्याला वाढवतो व स्वराचा पोत ठरवतो, त्यानंतर पॉवर ॲम्प त्याला स्पीकर हलवण्याइतके बळ देतो. जुन्या रेडिओप्रमाणे या ॲम्पमध्येही निर्वात नलिका, म्हणजेच व्हॉल्व्ह, वापरले जात आणि आजही अनेक ॲम्पमध्ये वापरले जातात. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा मोठा संकेत दिला असता संकेताची शिखरे क्रमाक्रमाने चपटी होतात आणि मूळ स्वरात नसलेले संनादी स्वर निर्माण होतात. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. वादकांना मात्र तो आवडला आणि ब्लूज व रॉक संगीतात ‘डिस्टॉर्शन’ या नावाने त्याला मानाचे स्थान मिळाले.

स्पीकर हा या रचनेतील सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. गिटार ॲम्पमधील १२ इंची स्पीकर घरगुती संगीतयंत्रातील स्पीकरसारखा सर्व वारंवारता सारख्या प्रमाणात वाजवत नाही. सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग तो झपाट्याने कमी करतो. डिस्टॉर्शनमुळे तयार झालेली तीक्ष्ण किरकिर त्यामुळे गाळली जाते आणि परिचित, उबदार आवाज उरतो. म्हणून गिटारच्या बाबतीत स्पीकर हा ध्वनी बाहेर टाकणारा भाग असतो, तसाच वाद्याचाही एक भाग असतो.

इतिहास

ॲम्पशिवाय ॲम्पचा आवाज मिळवण्याचे आरंभीचे प्रयत्न ॲनालॉग मंडलांच्या आधारे झाले. बोस्टन या बँडचे गिटारवादक टॉम शॉल्झ यांनी इ.स. १९८२ मध्ये रॉकमन हा हेडफोनवर ऐकायचा छोटा ॲम्प बाजारात आणला. इ.स. १९८९ मध्ये टेक २१ या कंपनीचे सॅन्सॲम्प आले. इ.स. १९९५ मध्ये रोलँडने व्हीजी-८ ही डिजिटल प्रणाली सादर केली. प्रत्येक तारेचा संकेत स्वतंत्रपणे घेणारा विशेष पिकअप तिला लागत असे. पुढच्याच वर्षी लाइन ६ या अमेरिकी कंपनीचा ॲक्सिस २१२ हा मॉडेलिंग ॲम्प आला. त्याच कंपनीच्या इ.स. १९९८ मधील पॉड या लाल, राजम्याच्या दाण्याच्या आकाराच्या उपकरणामुळे हे तंत्र घरगुती ध्वनिमुद्रणापर्यंत पोहोचले.

फ्रॅक्टल ऑडिओच्या ॲक्स-एफएक्सने (इ.स. २००६) व्यावसायिक मंचावर मॉडेलरला प्रतिष्ठा मिळवून दिली. जर्मन अभियंते क्रिस्टोफ केम्पर यांचा प्रोफायलर इ.स. २०११ मध्ये आला. त्याने मंडलाची नक्कल करण्याऐवजी प्रत्यक्ष ॲम्पचे ‘छायाचित्र’ घेण्याची पद्धत रूढ केली. अलीकडे न्यूरल नेटवर्कवर आधारलेली पद्धत पुढे आली आहे. स्टीव्हन ॲटकिन्सन यांचे न्यूरल ॲम्प मॉडेलर हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर तिचे परिचित उदाहरण होय.

कार्यपद्धती

गिटारचा संकेत प्रथम अंकांत रूपांतरित केला जातो. त्यासाठी दर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० नमुने घेतले जातात. त्यानंतरच्या गणनेच्या दोन प्रमुख तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत मूळ ॲम्पमधील व्हॉल्व्ह, रोधक, धारित्र इत्यादी घटकांचे वर्तन समीकरणांत मांडले जाते. अशा मॉडेलमध्ये गेन, बास, ट्रेबल ही बटणे फिरवली असता मूळ ॲम्पप्रमाणेच फरक पडणे अपेक्षित असते. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्यक्ष ॲम्पमधून ठरावीक चाचणी-संकेत पाठवून त्याचा प्रतिसाद नोंदवला जातो. यास प्रोफाइल किंवा कॅप्चर म्हणतात. कॅप्चर साधारणपणे ॲम्पच्या एकाच मांडणीचे असते. त्यावरील गेनचे बटण बरेच फिरवल्यास मिळणारा आवाज हा मूळ ॲम्पचा नसून उपकरणाचा अंदाज असतो. कॅप्चर ‘खोटे’ वाटते अशी तक्रार करणाऱ्यांनी ही मर्यादा आधी तपासावी लागते.

डिस्टॉर्शनच्या गणनेत आणखी एक अडचण येते. नमुन्यांच्या संख्येच्या निम्म्याहून अधिक वारंवारतेचे संनादी स्वर डिजिटल प्रणालीत मावत नाहीत. ते परत खाली दुमडले जाऊन बेसूर खरखर म्हणून ऐकू येतात. यास एलियासिंग म्हणतात. ते टाळण्यासाठी मॉडेलर अंतर्गत गणना अनेक पट अधिक नमुन्यांवर करतात.

कॅबिनेट आणि जोडणी

स्पीकर व मायक्रोफोन यांची नक्कल बहुधा इम्पल्स रिस्पॉन्स या नोंदीवरून केली जाते. पेटीला अतिशय लघुकाळाचा ध्वनिसंकेत दिला असता ती कशी प्रतिसाद देते, याची ही नोंद असते आणि ती आयआर या नावाने ओळखली जाते. ४८,००० नमुन्यांच्या दराने २,०४८ नमुन्यांची आयआर सुमारे ४३ मिलिसेकंदांची होते. मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यापासून काही सेंटिमीटर कडेला सरकवला तरी आवाज लक्षणीय बदलतो. म्हणून एकाच पेटीच्या अनेक आयआर उपलब्ध असतात. ॲम्पचे मॉडेल बदलत बसण्यापेक्षा आयआर बदलल्याने आवाजात अनेकदा अधिक फरक पडतो.

कॅबिनेटची नक्कल सुरू ठेवावी की बंद, हे मॉडेलर कशाला जोडला आहे यावर ठरते. मिक्सर, हेडफोन, स्टुडिओतील मॉनिटर किंवा सर्व वारंवारता सारख्या वाजवणारा स्पीकर या साधनांना स्वतःचा गिटार-स्पीकरचा गुण नसतो. तेथे नक्कल आवश्यक असते. ती बंद असल्यास पत्र्याच्या डब्यात माश्या गुणगुणाव्यात तसा आवाज येतो. याउलट मॉडेलर गिटारच्या ॲम्पला जोडला असता खरा स्पीकर समोर असतोच. तेथे नक्कलही सुरू ठेवल्यास वरच्या वारंवारता दोनदा गाळल्या जातात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा दबतो. हाच नियम प्री-ॲम्पलाही लागू पडतो. ॲम्पच्या समोरील इनपुटमध्ये मॉडेलर जोडल्यास मॉडेलरमधला ॲम्प आणि खरा प्री-ॲम्प एकामागोमाग येतात. ॲम्पच्या मागील बाजूस इफेक्ट्स रिटर्न असल्यास तेथे जोडणी केल्याने खरा प्री-ॲम्प वगळला जातो. अनेक उपकरणांत निर्गम कोणत्या साधनाला जोडला आहे, हे निवडण्याची सोय असते. कारखान्यातून आलेली निवड आपल्या जोडणीशी जुळते असे गृहीत धरता येत नाही.

व्हॉल्व्ह ॲम्पचा स्पीकरसाठीचा निर्गम मॉडेलरच्या इनपुटमध्ये कधीही जोडू नये. त्यातील शक्तीमुळे मॉडेलर जळू शकतो. तसेच स्पीकर किंवा योग्य भार न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प चालवल्यास त्याचा निर्गम ट्रान्सफॉर्मर निकामी होण्याचा धोका असतो.

संकेताची पातळी

पारंपरिक गिटार ॲम्पच्या इनपुटचा संरोध सुमारे १० लाख ओहम असतो. गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडल्यास, तेथील संरोध त्या मानाने फारच कमी असल्यामुळे पिकअपवर ताण येतो आणि आवाजातील झळाळी जाते. ध्वनिमुद्रण इंटरफेसवर गिटारसाठी वेगळे इनपुट किंवा बटण असते ते याचसाठी. लांब केबलच्या धारकतेमुळेही वरच्या वारंवारता घटतात.

संकेत फार मोठा असल्यास अडचण वेगळ्या प्रकारची येते. व्हॉल्व्ह हळूहळू विकृती दाखवतो. डिजिटल प्रणाली मात्र कमाल अंकापाशी संकेत सपाट कापून टाकते आणि कडकडाट ऐकू येतो. जोरकस किंवा बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपसाठी इनपुटची संवेदनशीलता कमी करणे हा त्यावरचा उपाय आहे. कडकडाट इनपुटवर होतो की निर्गमावर, हे उपकरणाच्या निर्गमाची पातळी कमी करून ओळखता येते.  ही चाचणी स्वच्छ, विनाविकृती आवाजावर करावी.

गुणगुण आणि विद्युत सुरक्षा

भारतात वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. तिच्यामुळे येणारी गुणगुण ५० हर्ट्झ व तिच्या पटीत ऐकू येते. १०० हर्ट्झचा घटक गिटारच्या सहाव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील जी या स्वराच्या (९८ हर्ट्झ) अगदी जवळ असल्याने सुरांची जाण असलेल्या वादकाला तो सहज ओळखता येतो. गिटार हातात धरून जागच्या जागी फिरल्यावर गुणगुण कमीजास्त होत असेल, तर ती एकेरी गुंडाळीच्या (सिंगल कॉइल) पिकअपने आसपासच्या चुंबकीय क्षेत्रातून पकडलेली असते आणि मॉडेलर निर्दोष असतो. फिरल्याने फरक पडत नसेल आणि यूएसबी केबल किंवा मिक्सरची केबल काढताच गुणगुण थांबत असेल, तर ग्राउंड लूप तयार झालेला असतो. अशा वेळी संतुलित निर्गमावरील ग्राउंड लिफ्ट बटण किंवा विलगीकरण ट्रान्सफॉर्मर वापरतात. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहणे ही सर्वांत सोपी चाचणी होय.

गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याची पद्धत प्राणघातक आहे. गिटारच्या तारा केबलच्या आवरणामार्फत ॲम्पच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसताना ॲम्पमध्ये किंवा मायक्रोफोनच्या साखळीत दोष निर्माण झाल्यास वादकाच्या शरीरातून प्रवाह वाहतो. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वी यांचा इ.स. १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे, अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन मंचावरच मृत्यू झाला होता. जुन्या सभागृहांत आणि तात्पुरत्या मंडपांत वाजवण्यापूर्वी अर्थिंग तपासून घेणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

गुणगुणीपेक्षा वेगळी असलेली सततची सळसळ बहुधा अतिरिक्त गेनमुळे येते. नॉइज गेट तिला वादनाच्या विरामात झाकतो, परंतु तो फार कडक लावल्यास लांबवलेले स्वर मध्येच तुटतात.

विलंब आणि संगणक

संकेताचे अंकांत व अंकांचे पुन्हा संकेतात रूपांतर होण्यास काही मिलिसेकंद लागतात. हवेत ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. ॲम्पपासून दोन मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला आवाज जवळजवळ ६ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतोच, तरी त्याची कोणी तक्रार करत नाही. संगणकावर मात्र बफरचा आकार १,०२४ नमुने असेल, तर ४८,००० च्या दराने एका बफरलाच २१ मिलिसेकंद लागतात आणि वादन जड वाटू लागते. १२८ नमुन्यांना २.७ मिलिसेकंद पुरतात. बफर फार लहान केल्यास संगणकाला गणना झेपत नाही व आवाजात टकटक येते, तेव्हा सुवर्णमध्य साधावा लागतो. विंडोज प्रणालीवर उपकरणासोबत दिलेला एएसआयओ ड्रायव्हर वापरणे इष्ट असते. ब्लूटूथ हेडफोनमधील विलंब अनेकदा १०० मिलिसेकंदांहून अधिक असल्याने ते सरावास निरुपयोगी ठरतात.

आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा वाटत असल्यास इंटरफेसमधून थेट येणारा आणि संगणकातून फिरून येणारा असे दोन्ही संकेत एकाच वेळी ऐकू येत असण्याची शक्यता असते. दोहोंपैकी एक बंद करताच दोष जातो.

घरातील आणि मंचावरील आवाज

हार्वी फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी इ.स. १९३३ मध्ये दाखवून दिले की मानवी कानाची विविध वारंवारतांबाबतची संवेदनशीलता आवाजाच्या पातळीनुसार बदलते. हळू आवाजात खर्जातील आणि अतितीव्र स्वर कमी ऐकू येतात. रात्री शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हळू आवाजात तयार केलेल्या मांडणीत वादक नकळत बास व ट्रेबल वाढवतो. तीच मांडणी मंचावर मोठ्या आवाजात घुमते आणि टोचते. शिवाय बँडमध्ये खर्जाची जागा बास गिटार व ड्रम यांनी व्यापलेली असते, तर गिटारची जागा मध्यम वारंवारतांत असते. एकट्याने ऐकताना सुंदर वाटणारा, मध्यम वारंवारता कमी केलेला आवाज सामूहिक वादनात हरवतो. डिस्टॉर्शन असलेल्या मांडणीत शिखरे आधीच दबलेली असल्याने दर्शकावर दोन मांडण्या सारख्या दिसल्या तरी कानाला सारख्या वाटत नाहीत. त्यांची पातळी प्रत्यक्ष वाजवण्याच्या आवाजात, कानानेच जुळवावी लागते.

इतर बिघाड

उपकरण मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर ॲडॉप्टर प्रथम तपासतात. साध्या ॲनालॉग पेडलला काही मिलिॲम्पिअर प्रवाह पुरतो. मॉडेलरला कित्येकशे मिलिॲम्पिअर लागू शकतात. ९ व्होल्टच्या पेडलमध्ये मधली पिन ऋण असण्याची प्रथा असली तरी सर्व उपकरणे ती पाळत नाहीत, त्यामुळे उपकरणावरील खूण पाहिल्याशिवाय दुसरा ॲडॉप्टर लावू नये. मिक्सरवरील ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा काही उपकरणांच्या निर्गमास हानी पोहोचवू शकतो. तो गरजेखेरीज बंद ठेवतात.

मांडणी बदलताना क्षणभर आवाज तुटणे हा बिघाड नसतो. प्रोसेसरला नवी साखळी भरण्यास तेवढा वेळ लागतो. एकाच मांडणीत इफेक्ट चालू-बंद करण्याची सोय वापरल्यास हा खंड टळतो. फर्मवेअर अद्ययावत करण्यापूर्वी स्वतःच्या मांडण्यांची प्रत संगणकावर घ्यावी आणि त्या काळात वीज किंवा यूएसबी खंडित होऊ देऊ नये. जुन्या काही उपकरणांत स्मृती टिकवण्यासाठी आत नाण्याच्या आकाराची बॅटरी असते. ती संपल्यावर मांडण्या पुसल्या जातात. कोकण-गोव्यासारख्या दमट हवेत जॅक व फिरत्या बटणांच्या संपर्कांवर गंज चढून आवाज खरखरतो किंवा अधूनमधून जातो. असे दोष बहुधा संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने दूर होतात. त्याआधी केबल बदलून पाहणे श्रेयस्कर, कारण साखळीत सर्वाधिक वेळा तीच नादुरुस्त होते.