यात्रा-पुस्तिकेची अक्षरे

श्रवणबेळगोळ येथे विंध्यगिरीवर गोमटेश्वर बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंच मूर्ती आहे. तिच्या चरणांजवळ ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठी ओळ नागरी लिपीत कोरलेली आहे. तिच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु मराठी यात्रेकरूंना बोलावणाऱ्या पुस्तिकेस याहून समर्पक मुखपृष्ठ कोणते?

मुखपृष्ठासाठी प्रथम मूर्तीचे छायाचित्रच सुचते. मात्र अशी पुस्तिका बसच्या आसनाखाली जाते, तिच्यात खाऊ बांधला जातो, प्रसंगी ती पायदळीही येते. हा अविनय टाळावयाचा तर अक्षरांनाच पुढे आणावे.

पहिला आराखडा बहुधा उत्साहाने ओथंबलेला असतो : पाच-सहा वळणांचे टंक, सोनेरी छाया, कोपऱ्यांत कमळे. पुढील संस्करण ही मुख्यतः वजाबाकी असते. शीर्षकास एक टंक व मजकुरास एक, एवढे पुरे. इंग्रजी मुखपृष्ठांप्रमाणे अक्षरे दूर-दूर मांडण्याची हौस देवनागरीत भागत नाही; शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. वेलांट्या-मात्रा वर आणि उकार खाली येत असल्याने ओळींमधील अंतरही रोमनपेक्षा अधिक लागते. टंक मराठी वळणाचा आहे ना, हे ‘ल’ आणि ‘श’ यांवरून पाहावे. ‘पायऱ्या’ हा शब्द तर अवश्य छापून पाहावा. त्यातील जोडाक्षर पुष्कळ टंकांत बिघडते. ‘तिरो देवनागरी मराठी’ हा टंक मराठी वळण सांभाळतो आणि विनामूल्य मिळतो.

खरा प्रश्न आतील पानांचा आहे. सहाशेहून अधिक पायऱ्या, त्या अनवाणी चढावयाच्या, दुपारी तापणारा खडक, वृद्धांसाठी डोलीची सोय, ही माहिती बहुधा शेवटच्या पानावर, फिकट रंगात, बारीक टंकात दडलेली असते. (कर्जाच्या कागदांवरील अटी अशाच छापतात.) जिची गरज साठी-सत्तरीच्या श्रावक-श्राविकांना सर्वाधिक, तीच त्यांना वाचता येत नाही आणि अर्ध्या चढावर गुडघे उत्तर देतात. ती दुसऱ्याच पानावर, चौदा पॉइंटमध्ये, पांढऱ्यावर काळी छापावी.

संगणकाच्या पडद्यावर सारेच सुबक दिसते. म्हणून नमुना प्रत्यक्ष आकारात कागदावर छापून एखाद्या आजींच्या हाती द्यावा आणि डोलीविषयीची ओळ शोधावयास सांगावे. आठ पानांत मजकूर मावत नसेल, तर टंक बारीक न करता मजकूर कापावा. आरंभ देणगीदारांच्या यादीपासून करण्यास हरकत नसावी.