धुळ्याची तक्रार अमेरिकेला कशी पोहोचते?

माझे मामा धुळ्याला असतात. मागच्या वर्षी शेअर ट्रेडिंगच्या एका ग्रुपमध्ये त्यांचे चार लाख गेले. घरातला 'कॉम्प्युटरवाला' मीच, म्हणून तक्रार नोंदवायला जळगावहून मी गेलो. परतताना मामांनी विचारलं, "भाऊ, ते अकाउंट कोणाचं होतं हे त्या अमेरिकन कंपनीला माहीत असेलच ना? मग सांगत का नाही?"

प्रश्न रास्त आहे. चोर शिरपूरहून सेंधव्याला पळाला तर राज्य बदलतं, कायदा बदलत नाही. आपले पोलीस तिथल्या पोलिसांना सांगून त्याला आणू शकतात. इंटरनेटवर मात्र देशच बदलतो. आपल्या आयटी कायद्याचं कलम ७५ सांगतं की गुन्ह्यात भारतातला कॉम्प्युटर वापरला गेला, तर परदेशात बसलेल्यालाही हा कायदा लागू. कागदावर लागू, हो. पण तिथे जाऊन बेड्या ठोकायचा अधिकार त्यातून मिळत नाही.

माहितीचेही दोन प्रकार असतात. अकाउंटचा नंबर, ईमेल, लॉगिनचा आयपी पत्ता अशी वरवरची माहिती अमेरिकन कंपन्या पोलिसांच्या नोटिशीवर थेट देऊ शकतात. मेसेजमधला मजकूर परदेशी पोलिसांना थेट द्यायला मात्र अमेरिकेचाच कायदा आडवा येतो. त्यासाठी भारत-अमेरिका परस्पर कायदेशीर मदत करार आहे. सही २००१ ची, लागू २००५ पासून. विनंती धुळ्याहून वर सरकत दिल्लीला गृह मंत्रालयात, तिथून अमेरिकेच्या न्याय खात्यात, मग तिथल्या कोर्टात आणि शेवटी कंपनीकडे. यात कित्येक महिने जातात. तोवर लॉग पुसले गेले तर आलेला आदेश नुसता कागद.

हा रस्ता छोटा करायला अमेरिकेने २०१८ मध्ये क्लाउड ॲक्ट केला. करार केलेल्या देशाचे पोलीस थेट कंपनीकडे मागू शकतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने असा करार केला, भारताचा नाही. २००१ च्या बुडापेस्ट करारातही आपण नाही. मसुदा ठरवताना आम्हाला विचारलं नव्हतं, हा आपला जुना मुद्दा. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वेगळा सायबर गुन्हे करार मंजूर केला. तो ४० देशांनी पक्का केल्यावरच लागू होईल. त्याच्या आडून सरकारं पत्रकारांवर पाळत ठेवतील, अशी टीका आहे आणि मला ती पोकळ वाटत नाही. मामांचा चोर सापडावा, पण त्यासाठी कोणत्याही सरकारला कोणाचेही मेसेज उघडता यावेत, हे मला नको.

चोरांना अर्थात यातलं काहीच आडवं येत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी गेले. क्लोन केलेल्या कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत पैसे काढले, वर जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. भारतातल्या एटीएममधून पैसे काढणारे काही जण पकडले गेले, २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षाही झाली. बाहेरच्या देशांतले बहुतेक हात मात्र दूरच राहिले.

म्हणून पहिला फोन १९३० ला. चोरीचा पैसा बहुतेक वेळा आधी भारतातल्याच भाड्याच्या खात्यात पडतो, आणि तिथे आपला कायदा लगेच पोहोचतो. मामांचे ३८ हजार असेच अडकवता आले. दुसरं म्हणजे ग्रुप सोडू नका. आधी नंबर, युजरनेम, लिंक यांचे स्क्रीनशॉट काढा, कारण कंपनीकडे माहिती मागायची तर अकाउंट नेमकं कोणतं हे लिहावं लागतं. मामांनी रागाच्या भरात सगळं चॅट आदल्या रात्रीच डिलीट केलं होतं.