पांगुळगाड्यापासून साठीपर्यंत: काही पक्के गैरसमज

बाळ दहा महिन्यांचं झालं की बारशालाही न फिरकलेले नातेवाईक विचारतात, “अजून उभं राहत नाही?” आणि माणूस बासष्टचा झाला की चष्मा सापडत नाही एवढं निमित्त पुरतं: “वय झालं आता.” आयुष्याच्या दोन्ही टोकांना आपण वयाचा आकडा निकालपत्रासारखा वाचतो. विकासाच्या मानसशास्त्रात मात्र असा आकडा बहुतेक वेळा एक ऐसपैस पल्ला असतो. त्याला ठरलेली तारीख समजलं की घोळ सुरू होतो.

“वर्षाचं झालं, आता चालायलाच हवं”

जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी बाळांच्या हालचालींच्या नोंदी ठेवल्या आणि २००६ साली त्या प्रसिद्ध केल्या. आधाराशिवाय चालायला लागण्याचं वय निघालं ८.२ महिने ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात दुडुदुडु चालणारं पोर आणि सतराव्या महिन्यात पहिलं पाऊल टाकणारं पोर, दोन्ही ठणठणीत. त्यातली ४.३ टक्के बाळं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. रांगण्याचा टप्पा चुकला म्हणजे काहीतरी बिघडलं, ही भीती त्यामुळे निराधार ठरते. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवावं.

घाई झालेले पालक मग वॉकर आणतात. आपल्या जुन्या लाकडी पांगुळगाड्याशी त्याची गल्लत करू नये. पांगुळगाड्यामागे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. दांडी धरून ढकलतं, गाडा जास्त पुढे पळाला की बुडावर आपटतं, उठतं, पुन्हा धरतं. तोल सांभाळायचं काम सगळं त्याचंच. बसायच्या वॉकरमध्ये अंगाचा भार झोळीवर असतो, मूल नुसत्या चवड्यांनी जमीन रेटतं आणि पुढच्या ट्रेमुळे त्याला स्वतःचे पायही दिसत नाहीत. त्यामुळे चालणं लवकर येत नाही. काही अभ्यासांत तर वॉकरमधली बाळं उशिराच चालली. शिवाय जिना आणि गरम भांडी त्याच्या टप्प्यात येतात ते वेगळंच. कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर सरसकट बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बारशाच्या भेटीत येतो!

पडण्याचंही फार मनावर घेऊ नये. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अडॉल्फ यांनी चालायला शिकणाऱ्या मुलांची पावलं मोजली. मोकळं खेळताना मुलं तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. चालणं येतं ते या सरावातून.

“पहिल्या पाच वर्षांत काय ते होतं, मग दार बंद”

हा गैरसमज अर्ध्या सत्यावर उभा आहे, म्हणून जास्त चिवट. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन विझेल यांनी मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने शिवून बंद ठेवला. नंतर डोळा उघडला तरी मेंदू त्याच्याकडून येणारी माहिती नीट घेईना. १९८१ चं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. काही क्षमतांना संवेदनशील काळ असतो, हे त्यातून पक्कं झालं. जन्मजात मोतीबिंदू शक्य तितक्या लवकर काढतात तो याचसाठी.

पण दार अगदी बंद होतं का? त्याचं उत्तर भारतातूनच आलं. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांचा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ उत्तर भारतातली जन्मतः अंध, पण उपचार होऊ शकतील अशी मुलं शोधतो, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करवतो आणि त्यांची दृष्टी कशी घडते ते अभ्यासतो. त्यांच्या एका पाहणीत ८ ते १७ वर्षांची पाच मुलं होती. पट्टी निघाल्यावर, नुकतीच हाताने चाचपलेली वस्तू समोरच्या दोन वस्तूंपैकी कोणती, हे त्यांना नजरेने ओळखता येईना. थोड्याच दिवसांत मात्र ते जमू लागलं. त्यांची नजर आपल्याइतकी तीक्ष्ण होत नाही, हे खरं. तरी इतक्या उशिरा दिसायला लागूनही ती पाहायला शिकली.

भाषेचे उच्चार लहानपणी सहज बसतात, यात वाद नाही. गणित, स्वयंपाक, पोहणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं यांना असं कुलूप नाही. त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाला चार-चार शिकवण्यांना पळवणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

जाता जाता गर्भसंस्काराबद्दल. पोटातलं बाळ शेवटच्या महिन्यांत ऐकतं, आईचा आवाज आणि त्याची लय जन्मानंतर ओळखतं. हे प्रयोगांनी दिसलं आहे. पण अभिमन्यूसारखं अर्थ लावून व्यूहरचना शिकत नाही. ‘मोझार्ट ऐकवा, बाळ हुशार होईल’ हा दावा ज्या १९९३ च्या प्रयोगावर उभा आहे, त्यात बाळं नव्हतीच. ते ३६ महाविद्यालयीन विद्यार्थी होते आणि परिणाम टिकला जेमतेम पंधरा मिनिटं. आईला गाणं आवडत असेल तर तिनं खुशाल ऐकावं, महागडी सीडी कशाला?

“त्या वयात अक्कलच नसते”

सोळा वर्षांच्या मुलाला धोका कळत नाही असं नाही. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली किशोरवयीन मुलं आणि प्रौढ माणसं यांना संगणकावर गाडी चालवायला दिली. एकटी असताना मुलांनी मोठ्यांइतकेच धोके पत्करले. शेजारच्या खोलीतून मित्र बघताहेत असं कळल्यावर मात्र त्यांनी पिवळे सिग्नल सर्रास तोडले, आणि मेंदूतला बक्षिसाची चाहूल घेणारा भाग जास्त पेटला. मोठ्यांच्या वागण्यात मित्रांमुळे फरक पडला नाही. तेव्हा ‘वेगाने चालवू नकोस’ हे शंभरदा सांगण्यापेक्षा मागच्या सीटवर कोण बसणार आहे हे विचारणं जास्त कामाचं.

वयावर मारलेला असाच आणखी एक शिक्का म्हणजे चाळिशीतलं ‘मिडलाइफ क्रायसिस’. हा शब्दप्रयोग एलियट जॅक्स यांनी १९६५ मध्ये आणला. बहुतेक माणसं त्या वयातून अशा कोणत्याही वादळाशिवाय जातात.

“साठी बुद्धी नाठी”

ही म्हण जुनी आहेच, पण ती शास्त्रीय वाटावी अशी चूक खुद्द संशोधकांनीही केली होती. पूर्वी विशीतली आणि सत्तरीतली माणसं एकाच दिवशी तपासायचे, गुण कमी दिसले की म्हणायचे, वयाने बुद्धी घटली. पण सातवीला शाळा सुटलेली आजी आणि इंजिनीअर नात यांच्या गुणांतला फरक वयाचा की शाळेचा? वॉर्नर शाई यांनी १९५६ मध्ये सिअॅटलमध्ये वेगळी वाट धरली. त्याच त्याच माणसांना दर सात वर्षांनी पुन्हा तपासायचं, असं दशकानुदशकं. मग चित्र बदललं. झटपट काम उरकण्याचा वेग तरुणपणीच उतरू लागतो, हे खरं निघालं. शब्दसंपत्ती आणि तर्क यांचा मात्र चाळिशी ते साठीच्या दरम्यान कधीतरी कळस होता, आणि साठीच्या आत ठळक घसरण फारशी दिसली नाही. पुढेही माणसागणिक फरक प्रचंड.

नाव पटकन न आठवणं, किल्ली कुठे ठेवली ते विसरणं, ही वयानुसार येणारी मंदगती आहे. स्मृतिभ्रंश हा आजार आहे, म्हातारपणाचा दुसरा शब्द नव्हे. भारतात साठीपुढच्या लोकांत त्याचं प्रमाण सुमारे ७.४ टक्के आढळलं आहे. म्हणजे शंभरातल्या ब्याण्णवांना तो नसतो, आणि ज्यांना असतो त्यांना ‘वय झालं’ म्हणून घरात बसवून ठेवणं हा अन्याय. आजी रोजच्या वाटेवर रस्ता चुकत असेल, वर्षानुवर्षं केलेला चहा करताना अडखळत असेल, तोच प्रश्न पाच मिनिटांत तिसऱ्यांदा विचारत असेल, तर वाट पाहू नका. डॉक्टरांना दाखवा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नैराश्य किंवा ऐकू कमी येणं यांमुळेही असं होतं, आणि या सगळ्यांवर इलाज आहे.