‘नुसती सही’ आणि जामीन

“मामा, नुसती सही करा. हप्ते मीच भरणार आहे ना!” शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या या शब्दावर माझ्या मामांनी पतसंस्थेच्या कर्जरोख्यावर सही केली. आपण साक्षीदार आहोत, अशी त्यांची मनापासून समजूत होती. तीन वर्षांनी रजिस्टरने नोटीस आली. तिच्यात कर्जदाराच्या नावाखाली मामांचं नाव होतं आणि थकबाकीचा आकडा दोघांना मिळून एकच होता.

साक्षीदार एवढंच सांगतो, की सही माझ्यासमोर झाली. जामीनदार सांगतो, की यानं दिले नाहीत तर मी देईन. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम १२८ नुसार करारात वेगळं ठरलेलं नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. “आधी त्याचं घर विका, मग माझ्या दारात या” हे मामांचं म्हणणं माणूस म्हणून रास्त वाटतं, पण कायद्यात त्याला आधार नाही. धनकोनं आधी कर्जदाराच्या मागे लागावं असं बंधन नसल्याचं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ सालीच सांगितलं आहे. ‘दोन जामीनदार म्हणजे निम्मं निम्मं’ हाही असाच एक गैरसमज. संस्था बहुधा कोणा एकाकडूनही सगळी रक्कम मागू शकते; ज्यानं जास्त भरलं त्यानं दुसऱ्याकडे वाटा मागायचा. पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते, तो जामीनदारावरही निघतो. मामांनी तर पगारातून कपातीच्या संमतीपत्रावरही त्याच दिवशी सही केली होती.

जामीनदाराला हक्कही असतात, हे मात्र त्यांना कोणीच सांगितलं नाही. कर्ज फेडलं की धनकोचे कर्जदारावरचे हक्क करार कायद्याच्या कलम १४० नुसार जामीनदाराकडे येतात. भरलेला पैसा तो कर्जदाराकडून वसूल करू शकतो. मामांनी प्रत्येक पावती पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. दावा लावण्याची मुदत तेवढी निघून गेली.

‘जामीनदार’सारखाच गैरसमज होणारा दुसरा शब्द ‘नॉमिनी’. बोलताना आपण त्याला सर्रास वारस म्हणतो, आणि मग भावाभावांत वितुष्ट येतं. बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो. बँक त्याच्या हाती रक्कम देऊन मोकळी होते. त्या रकमेवरची मालकी मृत्युपत्रानं ठरते, ते नसेल तर वारसा कायद्यानं. शेअर्सच्या नॉमिनीबद्दल सर्वोच्च न्यायालयानं १४ डिसेंबर २०२३ रोजी हेच सांगितलं. आयुर्विम्यात मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं यांना नॉमिनी केलं असेल, तर सर्वसाधारणपणे त्यांचा त्या रकमेवर स्वतःचा हक्क असतो.

‘ठेव’ म्हटलं की सगळी सारखीच, असंही नाही. व्यापारी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना एका बँकेत एका ठेवीदारामागे व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. सहकारी बँक आणि पतसंस्था दोघींच्याही पाटीवर ‘सहकारी’ हा शब्द असतो, म्हणून पुढचा शब्द वाचायचा.

‘नजरगहाण’ हा आपल्या भाषेतला फार नेमका शब्द आहे: वस्तू तुमच्या ताब्यात, पण धनकोची तिच्यावर नजर. कर्ज काढून घेतलेली गाडी अशीच असते. शेवटचा हप्ता भरला की गाडी मोकळी झाली असं आपण धरून चालतो, पण आरसी बुकावरची नजरगहाणाची नोंद (एचपी) आपोआप जात नाही. फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ आरटीओत देऊन एचपी उतरवावी लागते. सातबाऱ्यावरच्या बोजाचंही तसंच. कर्ज पूर्ण फिटल्याचा ‘निल’ दाखला घेऊन तलाठ्याकडे जायचं, अर्ज द्यायचा, फेरफार मंजूर झाला की नवा उतारा काढायचा आणि ‘इतर हक्क’ हा रकाना आपल्या डोळ्यांनी वाचून घ्यायचा.